निळ्या म्हशीचं पुस्तक

लहान मुलांसाठी चांगली चित्रांची पुस्तकं कोणती, असं आमच्या वाकडच्या सोसायटीतले नवे आईबाप मला अधूनमधून विचारतात. घरात अशी पुस्तकं पुष्कळ आहेत हे त्यांनी पाहिलेलं असतं. मी त्यांना एवढंच सांगतो की एक तरी पुस्तक बिनशब्दांचं घ्या. आमच्याकडचं आहे त्यात एक निळी म्हैस डबक्यात बसते, तिच्या पाठीवर बगळा येतो, मग बेडूक, मग कोणकोण, आणि शेवटी म्हैस उठते. अख्ख्या पुस्तकात एक अक्षर नाही. दुसरं असं घ्या की ज्यात पानोपानी तेच वाक्य येतं, म्हणजे पुढे काय येणार हे मुलाला आधी कळतं आणि ते वाट बघतं.

ही अक्कल माझी नाही, माझ्या सुनेची आहे. आमच्या नात्यात तिच्याविषयी जे बोललं जातं ते खोटं आहे, हे लिहायला मी फार उशीर केला.

नातू तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं की अडचण जन्मापासूनची आहे, कुणाच्या चुकीची नाही, पण ही एकदोन वर्षं हातची घालवू नका. त्यांनी काही पुस्तकं सुचवली, ती सुनेनं मागवली. ती आणि माझा मुलगा दोघं नोकरीला. पत्नी आधीच गेलेली. दिवसभर घरात मी आणि नातू.

सुनेनं मला समोर बसवून सांगितलं, "बाबा, नुसती चित्रं दाखवायची. 'हे काय' असं विचारायचं नाही. तो बोट ठेवेल तिथं थांबायचं आणि आपण दोन शब्द बोलायचे. एवढंच."

मी हो म्हणालो.

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. बाहेरून आलेला माल तपासायचा, बरोबर असला तर सही, नाहीतर लाल डबा. न तपासता कधी सही केली नाही याची घमेंड होती. पुस्तकांकडेही मी त्याच नजरेनं पाहिलं. बिनशब्दांचं पुस्तक म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणजे लबाडी. आणि म्हैस निळी कशी? मी मनातल्या मनात सगळा गठ्ठा लाल डब्यात टाकला आणि बाजारातून मुळाक्षरांचा तक्ता आणला.

सून कामाला गेली की त्याला तक्त्यासमोर बसवायचो आणि चित्रावर फूटपट्टी ठेवायचो. हे काय? अननस. बोल, अननस. मारलं कधीच नाही. पण आवाज माझा कारखान्यातला, मशिनच्या आवाजावर चढायची सवय असलेला. काही दिवसांत तो कानांवर हात ठेवायला लागला. मी म्हणायचो, हट्टी आहे, आपल्यावर गेलाय. संध्याकाळ व्हायच्या आत तक्ता दिवाणाखाली जायचा. सून आली की चपला काढता काढता विचारायची, झाली का पुस्तकं? मी म्हणायचो, झाली.

सुट्टीच्या दिवशी ती स्वतः म्हशीचं पुस्तक घेऊन त्याच्याजवळ बसायची. चित्र समोर आलं की आता तो कान झाकायचा. ती आवाज आणखी हळू करायची. मग नुसतं पुटपुटायची. शेवटी मुकाट्यानं पानं उलटायची, तरी त्याचे हात कानांवरच. मी शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचत असायचो.

थेरपिस्ट बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून विचारलं की घरी कुणी त्याच्यावर जबरदस्ती करतं का. मुलानं बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "मीच असेन. सुट्टीत मी त्याला जरा जास्तच बसवते."

माझ्या तोंडात शब्द तयार होता. मी तो गिळला.

त्यानंतर तिनं पुस्तक हातात घेणं सोडलं. आपल्यामुळं पोराला त्रास होतो म्हणून. पुढे नोकरीही सोडली, तोवर उशीर झाला होता. ती अजून नोकरीत असताना, भाचीच्या साखरपुड्यात, माझी बहीण चार बायकांत तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "आई हापिसात, मंग पोरगं बोलनार कुनाशी? भिंतींशी?" बायका हसल्या. मीही मान डोलावली.

या वर्षी मी तिला सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तक्त्याचं सांगितलं, फूटपट्टीचं सांगितलं, रोज 'झाली' म्हणायचो ते सांगितलं. तिनं हातातली घडी पुरी केली.

"म्हणजे तो माझ्यामुळं कान झाकत नव्हता," ती म्हणाली.

ती रागावली असती तर मला काही धरायला मिळालं असतं. मुलालाही रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "मी तिला काय काय बोललोय, बाबा," आणि पुढं जेवला नाही. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात. आधीही तसंच होतं, आताही तसंच आहे.

मी तक्ता आणला नसता तर तो बोलला असता, असं थेरपिस्ट बाई म्हणत नाहीत. नसताही बोलला, म्हणतात. ते मी मान्य करतो. पण आईच्या मांडीवर बसून त्यानं म्हशीवरचा बेडूक तरी पाहिला असता. तेवढंही मी दोघांना मिळू दिलं नाही.

आता तो आठ वर्षांचा आहे, अजून बोलत नाही. गेल्या आठवड्यात मी म्हशीचं पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसलो. काही विचारायचं नाही, काही बोलायचंही नाही, असं ठरवूनच बसलो होतो. पहिलं पान उघडलं. त्यानं म्हशीकडं पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि मी ओठ उघडायच्या आत दोन्ही हात कानांवर नेले.