वाडीच्या गच्चीवरची धूळ

माझी आत्या प्रेमिला रामटेके नेमकं काय काम करते, हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता यायचं नाही. इंदोऱ्याच्या आमच्या बौद्ध वस्तीतले शेजारी विचारायचे तेव्हा माझे आजोबा चंद्रभान सांगायचे, "आमची प्रेमिला सरकारी हापिसात धूळ मोजते." ऐकणारा हसायचा. आजोबा हसायचे नाहीत. कापडाच्या मिलमध्ये मागापाशी उभं राहून त्यांनी मुलीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, त्यामुळे ती जे मोजेल ते मोजण्यासारखंच असणार, अशी त्यांची खात्री होती.

हवेच्या अभ्यासाचं एक सरकारी कार्यालय होतं, तिथे आत्या १९७० साली लागली. पदाचं नाव 'संगणक'. तेव्हा संगणक म्हणजे माणूस, टेबलाशी बसून आकडेमोड करणारा. आत्याच्या टेबलावर हाताने हँडल फिरवायचं, फॅसिट कंपनीचं आकडेमोडीचं यंत्र होतं. दिवसभर त्याची खटखट चालायची, मधूनच घंटी वाजायची. घरी आली तरी तिचं उजवं मनगट दुखत असायचं, आणि आजी तिळाचं तेल कोमट करून ठेवायची.

काम असं होतं. शहरात ठिकठिकाणी गच्च्यांवर रुंद तोंडाच्या बरण्या ठेवल्या होत्या, तळाला थोडं पाणी आणि तोंडावर तारेची जाळी. महिनाभर जी धूळ पडेल ती बरणीत साठायची. लहानू नावाचा कर्मचारी सायकलवर फिरून बरण्या गोळा करायचा, प्रयोगशाळेत पाणी आटवून धुळीचं वजन करायचे, आणि ते आकडे आत्याकडे यायचे. बरणीजवळच्या रस्त्यावरून किती ट्रक गेले, वारा किती होता, पाऊस किती पडला, यावरून धूळ किती पडेल हे सांगणारं सूत्र तिला बसवायचं होतं. मी मोठी झाल्यावर तिने मला समजावून सांगितलं होतं. कागदावर खूप ठिपके आहेत असं समज, ती म्हणाली, त्यांच्यामधून अशी रेघ काढायची की कोणत्याच ठिपक्याला फार लांब पडल्यासारखं वाटू नये.

दोन वर्षांचे आकडे हाती आल्यावर तिने रेघ काढली. शांत वस्तीची धरमपेठ रेघेवर बसली. स्टेशनजवळची बरणी बसली. वाडी बसेना. अमरावती रोडवरची वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टची गोदामं आणि दिवसभर ये-जा करणारे ट्रक. सगळ्यात जास्त धूळ तिथे पडायला हवी. हिवाळ्यात ती पडतही होती. पण उन्हाळा लागला की वाडीची बरणी धरमपेठेपेक्षाही स्वच्छ निघायची. दोन्ही उन्हाळ्यांत तेच.

आत्याने बेरजा पुन्हा केल्या, आकड्यांचे वर्ग पुन्हा काढले. चूक सापडेना. मग तिने लहानूला बोलावलं.

"लहानूभाऊ, उन्हाळ्यात वाडीले जाता नं तुम्ही?"

लहानू चार पोरांचा बाप, सरळ माणूस. त्याचा चेहरा पडला. "बाई, म्या काय घरच्या घरी बरणी भरतो का? जिना बाहेरून आहे, वर जातो, बरणी घेतो, येतो. मले वाटलं तिथली हवा चांगली असन." थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्हीच चला ना एक दिवस."

विचारल्याचं आत्यालाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर बसने वाडीला गेली. एप्रिल संपत आला होता. गोदामाच्या मागे भाड्याच्या खोल्यांची ओळ होती आणि कडेच्या खोलीवरच्या गच्चीत बरणी. दोघं वर गेले तेव्हा तिथे एक म्हातारी पदराने बरणी पुसत बसली होती. जाळी बाजूला काढून ठेवलेली. शेजारी स्वच्छ पाण्याचा गडू.

"मावशी, हे काय करून राहिल्या?" आत्याने विचारलं.

"धुऊन राहिली." म्हातारीने वर पाहिलं. "चिमण्या येतात पाण्याले. किती घाण होते वं हे पाणी, एका दिवसात काळं. असं कसं पाजू त्याहिले?"

लहानू कपाळाला हात लावून जिन्यावर बसला. आत्या हसली, मग तिचं हसू थांबेना. म्हातारी आधी रागावली आणि नंतर तीही हसायला लागली, काय झालं ते न कळताच.

तिचं नाव जिजाबाई. काटोलकडच्या शेतकरी घरातली. नवरा गेल्यावर मुलाबरोबर वाडीला आली होती. मुलगा धोंडबा ट्रकवर होता, एकदा गेला की पंधरा पंधरा दिवस यायचा नाही. म्हातारीला बोलायला चिमण्याच होत्या. तिने दोघांना खाली खोलीत नेलं आणि पाण्याचा पेला भरता भरता सहज विचारलं, "कुठली वं तू, पोरी?"

"इंदोऱ्याची."

जिजाबाईचा हात थांबला. फार नाही, एका श्वासाइतका. मग तिने पेला पुढे केला. आत्या पाणी प्यायली आणि पेला दाराजवळ ठेवला. तो थांबलेला हात तिने पाहिला होता. लहानपणापासून असे हात तिला ओळखू येत. परत येताना बसमध्ये लहानू चिमण्यांवरून हसत होता आणि ती खिडकीबाहेर पाहत होती.

विभागप्रमुख डॉ. मुकुंद पांढरीपांडे यांना तिने सगळं सांगितलं. ते हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे आपण दोन वर्षं चिमण्यांचं पाणी मोजत होतो," ते म्हणाले. "बरणी दुसऱ्या गच्चीवर हलवू या का?"

"नको, सर. त्या बाईंना समजावते. चिमण्यांसाठी वेगळं भांडं ठेवलं की झालं."

"मग तुम्हीच बघा, रामटेकेबाई. आणि वाडीचे दोन्ही उन्हाळे हिशेबातून काढा. कारण मात्र खरं लिहा. भांडं स्थानिक रहिवाशाकडून स्वच्छ केलं गेलं, असं."

रविवारी आत्याने मातीचं पसरट परळ घेतलं आणि वाडीला निघाली. हे लहानूच्या हाती पाठवता आलं असतं. ती स्वतः का गेली, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मले पुन्हा एकदा पाहायचं होतं."

जिजाबाईने चहा केला. कपबशी तिने स्वतःसाठी घेतली तशीच दिली. आत्याने बरणीचं कारण समजावलं. जिजाबाईने नीट ऐकलं आणि विचारलं, "धूळ मोजून काय करता?"

"कशामुळे पडते ते समजते."

"ट्रकाहिमुळं पडते. मले विचारलं असतं तं सांगितलं असतं."

"ते मलेही मालूम आहे, मावशी. पण किती, ते सांगता आलं पाहिजे. तेव्हाच कोणी ऐकते."

जिजाबाईने परळ उचललं आणि गच्चीवर नेऊन बरणीपासून लांब ठेवलं. तिने बरणीला पुन्हा हात लावला नाही.

आत्या अधूनमधून जायला लागली. कधी लहानूबरोबर, कधी एकटी. जिजाबाई तिच्यासाठी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी करायची. आत्या तिला धोंडबाची पत्रं वाचून दाखवायची. पहिल्या दिवशीच्या त्या थांबलेल्या हाताबद्दल दोघींनीही काही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीची खरी बरणी आली. प्रयोगशाळेतल्या माणसाने ती उजेडात धरून आत्याला दाखवली. तळाला काळा गाळ होता. आत्याने नवे आकडे घालून सूत्र परत बसवलं. यावेळी वाडी रेघेवर आली, पार वरच्या टोकाला. इतके दिवस जे जमत नव्हतं ते जमलं होतं, आणि तरी तिला आनंद होईना. वाडीला गेल्यावर कानावर पडणारा जिजाबाईचा खोकला तिला आता टेबलाशीही ऐकू येत होता. तो तंबाखूचा आहे, असं जिजाबाई म्हणायची आणि आत्याने ते मानलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात लहानू सकाळी सकाळी आमच्या घरी आला. जिजाबाईला दोन पावलं चालवत नव्हतं, श्वास लागला होता, आणि धोंडबा आसामच्या वाटेवर होता. आत्याने ऑफिसला निरोप धाडला, रिक्षा केली आणि तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. भरती करून घेतलं. आठवडाभर आत्या ऑफिसातून थेट तिकडेच जायची. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं नाजूक झाली आहेत, त्या रस्त्यावर परत पाठवू नका.

आजोबा घरी म्हणाले, "मंग इथं आण तिले. आपल्या गल्लीत ट्रक शिरत नाही."

आत्याने हे सांगितलं तेव्हा जिजाबाई खाटेवर उशाला टेकून बसली होती. ती वॉर्डातल्या लोकांकडे पाहत राहिली.

"तुले मालूम आहे का वं," ती शेवटी म्हणाली, "पहिल्या दिवशी तू गेल्यावर म्या तो पेला राखेनं घासला. एकदा घासला, मंग परत घासला."

"वाटलं होतं मले."

"मंग काहून आली परत?"

"एका खेपेवरून मी काही ठरवत नाही, मावशी. माझं कामच तसं आहे."

जिजाबाईने तिचा हात धरला, तेच दुखरं मनगट, आणि अंगठ्याने दाबत राहिली. संध्याकाळी ती म्हणाली, "माझं परळ आण मंग. चिमण्या तिथंही असतीनच."

ती आमच्या घरी आली तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. मला ती आमचीच वाटायची. काटोलकडचे तिचे एक-दोन नातेवाईक कुजबुजले, आणि आमच्या गल्लीतल्याही काही बायकांना हे पटलं नाही. जिजाबाई दोघांनाही एकच सांगायची, "मी इथं बरी आहे." अंगणात ऊन खात ती आजीबरोबर वाल सोलायची आणि दोघींची मिठावरून भांडणं व्हायची. धोंडबा फेरी संपली की यायचा, ओसरीवर संकोचून बसायचा. हळूहळू तो आत येऊन बसू लागला, मग जेवू लागला. तिकडे वाडीचा अहवाल वरपर्यंत गेला. काही गोदामांची अंगणं पक्की झाली, बाकीची तशीच राहिली. आकडा थोडा उतरला. आत्या म्हणायची, थोडा म्हणजेही काहीतरीच.

एकोणऐंशी साली धोंडबाने लांबचा ट्रक सोडला. त्याला कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची गाडी चालवायचं काम मिळालं. लग्न झालं, बायको गोपिका समजूतदार होती. दोन खोल्यांचं घर घेऊन तो आईला न्यायला आला.

"घर कारखान्यापासून किती लांब आहे?" आत्याने विचारलं.

"असन अर्धा कोस."

"वारा कोणत्या बाजूनं येते?"

धोंडबा गोंधळला. आत्या म्हणाली, आधी हवा बघू, मग नेशील. पांढरीपांडे साहेबांची परवानगी घेऊन तिने कळमेश्वरच्या त्या घरावर एक बरणी ठेवली. महिन्याने बरणी आली, धूळ कमी होती. आत्या म्हणाली, एका महिन्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या महिन्याचीही कमीच निघाली. ती म्हणाली, वारा बदलल्यावर पाहायला पाहिजे. तिसरी बरणी आली. पांढरीपांडे साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले, आकडे पाहिले आणि नुसतेच हसून परत गेले. आत्याने घरी येऊन सांगितलं, अजून एक उन्हाळा जाऊ द्या.

आजोबा बाजेवर बसले होते. "प्रेमिला," ते म्हणाले, "अजून किती महिने मोजशील, पोरी?"

आत्या स्वयंपाकघरात गेली आणि भांडी लावत राहिली. जिजाबाई मागोमाग गेली. आत आत्या रडत होती, हे मी दारातून पाहिलं. त्याआधी तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाची दोन-तीन स्थळं येऊन गेली तेव्हाही नाही.

"तिथली हवा चांगली आहे नं?" जिजाबाईने विचारलं.

"चांगली आहे." आत्याने नाक पुसलं. "पहिल्याच महिन्यात समजलं होतं."

"मले वाटलंच," जिजाबाई म्हणाली. "पोरगी इतकी हुशार, आणि एका बरणीले तीन महिने लागून राहिले."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे तिला पोचवायला गेलो. गोपिकाने पुरणपोळ्या केल्या होत्या. आजोबांना पहिल्या पंगतीत धोंडबाच्या शेजारी बसवलं. आत्या गच्चीवर जाऊन वाऱ्याची दिशा पाहून आली. संध्याकाळच्या बसने आम्ही परतलो तेव्हा घर मोठं वाटायला लागलं होतं, आणि आजीने सवयीने एक भाकर जास्त टाकली.

गुरुवारी सकाळी दाराशी खोकल्याचा आवाज आला. जिजाबाई पिशवी घेऊन उभी होती, एकटीच बसने आलेली. पिशवीत ओला हरभरा होता.

"गोपिकाले सांगून आली," ती आत येत म्हणाली. "दोन दिवस राहीन. मंग जाईन. मंग येईन."

आत्या ऑफिसला निघाली होती. तिने पर्स खुंटीला अडकवली, जमिनीवर फतकल मारली आणि हरभरा सोलायला घेतला. त्या दिवशी तिने वर्षातली पहिली रजा टाकली.