अनवाणी ड्रायव्हर

गाडीत बसताना भिमा चपला काढून सीटखाली सारायचा, देवळात शिरल्यासारखा. मी चिडवायची, "आत कुठला देव बसवलायस रे?" तर म्हणायचा, "ताई, पायात चप्पल आसली की गाडी काय म्हणती ते कळत न्हाय." त्याचे वाडवडील मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेले. जमीन तळपायानं ओळखायची सवय घरातलीच, ती त्यानं क्लचवर आणून ठेवली होती.

भिमा आमच्या आबांचा ड्रायव्हर. आबा म्हणजे माझे वडील, कोऱ्हाळ्याचे बापूसाहेब. ऊस पोटासाठी लावायचे आणि जगायचे मात्र गाड्यांसाठी, असं आमची आई म्हणायची. आधी फियाट होती. तिचा गिअर स्टेअरिंगलाच होता आणि इंजिनाची धग थेट नडगीला लागायची. एक्क्याण्णवला कॉन्टेसा आली. तिचं स्टेअरिंग इतकं जड की वळणावर चालवणाऱ्याचे खांदे भरून यायचे. पण भिगवणला हायवेला लागली की ती दमानं वेग घ्यायची आणि दाराच्या कडीपर्यंत सगळं अंग थरथरायचं. तेव्हा आबा स्वतः चालवायचे, भिमा शेजारी. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि मागं बसलेल्या आम्हाला विसरून जायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. नंतर एस्टीम आली. हलकी, चपळ, सोडली की सुटलीच. "ही बी बोलती, पर हळू," असं भिमाचं तिच्याबद्दल मत.

एस्टीम असतानाच साखरेच्या आजारानं आबांची नजर गेली. चालवणं सुटलं, पण रविवारचं भिगवण सुटलं नाही. कोऱ्हाळ्याहून निघायचं, वाटेत बारामतीत माझ्या सासरी थांबून मला घ्यायचं आणि भिगवणला जाऊन मासे खायचे. आबा पुढं बसायचे, तळहात डॅशबोर्डवर टेकवून. हाताला येणाऱ्या हादऱ्यांवरून रस्ता सांगायचे. "हा उसाच्या गाड्यांनी खचलेला तुकडा. हा कॅनॉलचा पूल." भिमा म्हणायचा, "व्हय आबा." तेवढ्यानं त्यांचा चेहरा उजळायचा. डोळे गेलेल्या माणसाला आपण कुठं आहोत ते कळणं म्हणजे काय, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं.

अठ्ठ्याण्णवला माझ्या भावानं, इंद्रजितनं, नवी कोरी गाडी घेतली. पॉवर स्टेअरिंग, काचा बंद, आत एसी. आबांच्या पाठीला हादरे नकोत म्हणूनच घेतली बिचाऱ्यानं. वेग तर असा की काटा बघितल्याशिवाय पत्ता लागू नये. पहिल्याच रविवारी आबा डॅशबोर्डवर हात ठेवून वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "भिमा, कॅनॉल आला न्हाय आजून?"

पूल केव्हाच मागं पडला होता. भिमानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "आता येतोय आबा," म्हणाला आणि गाडीची डावी चाकं डांबर सोडून साइडपट्टीवर उतरवली. दण्णकन हादरा बसला.

"हां," आबा म्हणाले आणि मागं रेलले.

मग दर रविवारी तेच. भिमा आबांसाठी पूल आणायचा, जिथं साइडपट्टी मोकळी सापडेल तिथं. घरी इंद्रजित चिखलानं माखलेली चाकं बघून वैतागायचा. भिमा सांगायचा, "गुरं आडवी आली दादा." त्या वर्षी आमच्या रस्त्याला गुरं फार आडवी आली.

थंडीत, कारखाने चालू झालेले असताना, असंच भिगवणला जेवलो. आबा मन लावून काटे काढत होते. हात धुता धुता म्हणाले, "भिमा, कॅनॉलच्या पुलाला दोन हादरे हायत. चढताना एक, उतरताना एक. तू एकच देतूस."

भिमाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं.

"मग इतकं दिस बोलला का न्हाय आबा?"

"तू येवढा जीव लावून देतूस. न्हाय कशाला म्हणू?" आबा म्हणाले. "पर कुठनं चाललोय ते मला कळत न्हाय रं आता. गाठोड्यागत बसून जातो नि गाठोड्यागत उतरतो."

परतीला लागलो. खऱ्या पुलावर आल्यावर भिमानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि आबांच्या बाजूचं दार उघडलं. "आबा, चपला काढा."

आबांनी काही न विचारता काढल्या. भिमानं त्यांना हाताला धरून कठड्याशी उभं केलं. स्वतः अनवाणी होताच. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. तो पुलावर चढला तसा पूल खालून घुमायला लागला, तो उतरेपर्यंत घुमत राहिला. आबांच्या पायाची बोटं जमिनीला घट्ट धरून होती.

"कॉन्टेसा," ते हळूच म्हणाले. "चवथ्या गिअरमधली."

"व्हय आबा," भिमा म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

ट्रॅक्टर दिसेनासा झाला तरी आबा हलेनात. आणखी एखादा येतोय का म्हणून आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो. मग गाडीत बसलो. काचा बंद झाल्या, रस्ता पुन्हा गप्प झाला. आबांनी या खेपेला डॅशबोर्डवर हात ठेवला नाही. चपला मांडीवर घेऊन बसले होते.