भाऊजी रिव्हॉल्व्हर बघायला निघाले

पालघर तालुक्यात आजवर जितके दुकानदार समोर गिऱ्हाईक असताना वैतागून आत निघून गेले असतील, त्यांतल्या निम्म्यांना तरी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी घालवलेले आहे. ही अतिशयोक्ती नाही. उरलेल्या निम्म्यांकडे ते अजून गेलेले नाहीत, इतकेच. भाऊजींना वस्तू विकत घ्यायची नसते, तिच्याशी सोयरीक करायची असते. आणि सोयरीक म्हटली की घराणे आले, स्वभाव आला, आधीचे वागणे आले. छत्री घ्यायला गेले की ती उघडून, डोक्यावर धरून, भर दुकानात पाव तास उभे राहतात. भिंतीवरचे घड्याळ त्यांनी एकदा आठ दिवस पाहुणे म्हणून घरी आणून ठेवले आणि ते ठोके देताना घरातल्या माणसांचा विचार करत नाही, या कारणाने परत केले. सातपाटीहून पाटी घेऊन येणाऱ्या कोळणीला ते होडी कुणाची, मासळी कधी लागली, बर्फात किती वेळ होती, हे सगळे विचारतात. एकदा तिने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन म्हणाली, "भाऊ, पापलेटाची पत्रिका नाय आणली मी! घ्यायचा तं घे, नाय तं ऱ्हाव दे." भाऊजींनी राहू दिले. ताईने मागच्या दाराने घेतले. चोवीस वर्षांच्या संसारात ताईच्या घरी जे जे काही आले, ते बहुतेक मागच्या दारानेच आले आहे.

मी पालघरच्या शाळेत शिक्षिका. दोन खोल्यांत एकटी राहते आणि कामाला निघण्यापूर्वी यादी करते. यादी केली की काम होते, असा माझा अनुभव होता. म्हणजे भाऊजींबरोबर रिव्हॉल्व्हर खरेदीला जाईपर्यंत तरी होता.

भाऊजींची वाडी बोईसरहून तारापूरकडे जाताना, रस्त्यापासून बरीच आत. नारळ, चिकू, थोडा मोगरा, विहीर, आणि मधोमध घर. शेजारचे घर हाक मारली तरी ऐकू जाणार नाही इतके लांब. त्या वर्षी तारापूरकडे वीजघराचे काम जोरात होते. बोईसर स्टेशनबाहेरच्या चहावाल्यांकडे साताऱ्याची, खानदेशातली, कुठकुठली माणसे दिसायची आणि हिंदी ऐकू यायची. अशात एका दुपारी ताई-भाऊजी लग्नाला पालघरला आले असताना घर फुटले. तांब्या-पितळेची भांडी गेली, ताईचे आंघोळीचे घंगाळ गेले. लोकांनी लगेच नव्या माणसांकडे बोट दाखवले. चोर शेवटपर्यंत सापडला नाही, त्यामुळे बोट कुणाकडे दाखवायला हवे होते ते मला अजून माहीत नाही. पण ताईची झोप उडाली ती उडालीच. नारळाची झावळी पडली तरी ती उठून बसायची. शेवटी तिने सांगितले, "घरात हत्यार येऊ दे. दसऱ्यापर्यंत नाही आलं तर मी हिच्याकडे पालघरला जाऊन राहते. मग तुम्ही आणि तुमची वाडी."

हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे. दोन खोल्यांत. मी त्याच संध्याकाळी यादी करायला बसले.

परवाना मिळवण्याचा भाग मी केला. अर्ज, दाखले, जबाब, ठाण्याच्या फेऱ्या. मोजून अकरा गोष्टी होत्या, अकराच्या अकरा झाल्या. परवान्यावर हत्यार घेण्याची मुदत होती, ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपत होती. मला वाटले, कठीण काम संपले. ताईने मला बाजूला घेऊन सांगितले, "तू बरोबर जा. हे एकटे गेले तर रिव्हॉल्व्हरच्या आईवडिलांची चौकशी करत बसतील."

पहिली फेरी मुंबईच्या दुकानात झाली. दुकानदार भला माणूस होता. बाहेरून नवा माल येणे बंद झालेय, जुनेच आहेत, म्हणाला, आणि त्यातले एक चांगले काळेभोर रिव्हॉल्व्हर काढून काचेवर ठेवले. चाप दाबला की उडते, पुन्हा दाबला की पुन्हा उडते. भाऊजींनी ते दुरूनच पाहिले.

"फार उतावळं आहे हो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला जुन्या पद्धतीचं हवं. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो ना, ते. ओढल्याशिवाय चाप कितीही दाबा, काही होत नाही, असं."

"काका, तसली आता कोण घेतो? घरात चोर शिरला, तर तुमचा अंगठा घोडा ओढेपर्यंत तो थांबणार आहे का?"

"थांबेल की. आणि नाही थांबला तर जाऊ दे त्याला."

"मग रिव्हॉल्व्हर कशाला घेताय?"

"बायको घाबरते," भाऊजी म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी यादीकडे पाहिले. मग तो आत निघून गेला.

गाडीने वाडीवर परतताना मी गप्प होते, म्हणजे रागावलेली होते. उमरोळी स्टेशन गेल्यावर भाऊजी आपणहून बोलले. लग्नाआधीची गोष्ट. भाताच्या शेतात डुकरे शिरत होती म्हणून ते कुणाची तरी बंदूक मागून घेऊन संध्याकाळी बांधावर बसले होते. पलीकडे भात हलले आणि त्यांनी विचार करायच्या आधी बोटाने चाप दाबला. भातात लाडक्या होता. हा लाडक्या वारली, तेव्हापासून आजतागायत भाऊजींच्या वाडीत कामाला आहे. छर्रे त्याच्या कानाला चाटून गेले; कानाची पाळी अजून दुभंगलेली आहे. मी इतकी वर्षे ती पाहत होते, कधी विचारले नव्हते. "तो हसला हो मेव्हणीबाई," भाऊजी म्हणाले. "मला म्हणाला, तुजा नेम वायट म्हून मी हाय. मी मात्र त्या दिवसापासून..." मग ते खिडकीबाहेर बघत एवढेच म्हणाले, "अंगठा मागे नेईपर्यंत माणसाला दिसतं तरी, समोर कोण आहे ते."

माझा राग गेला. थकवा मात्र तसाच राहिला, कारण आता यादीत 'जुन्या पद्धतीचे' हे दोन शब्द वाढले होते आणि दसरा तीन आठवड्यांवर आला होता.

दुसरे स्थळ मासवणकडचे. तिथे एक जंगलाचे कंत्राटदार होते, आता म्हातारे झालेले. त्यांच्याकडे हवे तसेच रिव्हॉल्व्हर होते, मूठ हाडाची, घोडा मागे ओढला की घड्याळासारखा स्वच्छ आवाज करणारे. भाऊजींचा चेहरा मुलगी पसंत पडलेल्या वरमाईसारखा झाला. मी मनात यादीवर खूण करून टाकली. पोहे आले, चहा आला. आणि मग भाऊजींनी विचारले, "यानं आजवर काय काय केलं?"

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

कंत्राटदार खुलले. लाकूडतोडीच्या मजुरांनी एकदा काम थांबवले, तेव्हा त्यांच्या पायांपुढच्या मातीत गोळ्या घालून आपण त्यांना कसे नाचवले, ते त्यांनी उठून नाचून दाखवले. भाऊजींनी अर्धा चहा खाली ठेवला.

"येतो आम्ही."

"अहो, किंमत तरी ऐका!"

"नको. याला वाईट सवय लागलेली आहे."

रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "भाऊजी, ते लोखंड आहे. लोखंडाला सवय लागत नाही."

"तुमच्या घरातल्या जुन्या विळीला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालतो का?" ते म्हणाले. आईची विळी माझ्याकडे आहे आणि ती खरोखरच दुसऱ्या कुणाच्या हातात नीट चिरत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर निघाले याचा मला जास्त राग आला.

वाडीवर पोचलो तेव्हा ताई पायरीवर बसली होती. आमचे हात रिकामे पाहून आत गेली. लाडक्या झाडाला आळे करत होता. तो म्हणाला, "तात्या, कुत्रा पाळ. कुत्र्याला परवाना नाय लागत." भाऊजींनी त्याला गंभीरपणे सांगितले की कुत्र्याची चौकशी चालू आहे. ती सहा वर्षे चालू होती.

तिसरे स्थळ मुदतीच्या तीन दिवस आधी मिळाले, आणि तेही जवळच, तारापुरात. जुना पारशी बंगला, पुढे मोठी ओटी, दारात खडूची रांगोळी. नवरा गेल्यावर बाई एकट्याच राहत होत्या. रिव्हॉल्व्हरचा परवाना त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतला होता. सगळे कागद नीट, रेशमी दोऱ्याने बांधलेले. अशी माणसे मला फार आवडतात. फ्लॅनेलच्या फडक्यातून त्यांनी ते काढले, तेव्हा मीसुद्धा पाहत राहिले. लाकडी मूठ हाताने घासून घासून गुळगुळीत झालेली. भाऊजींनी ते रिकामे आहे ना हे दोनदा पाहिले, खिडकीबाहेर आकाशाकडे धरले आणि अंगठ्याने घोडा सावकाश मागे घेतला.

"यानं आजवर काय केलं?" त्यांनी विचारले. मी या वेळी पाय दिला नाही. दमले होते.

"काय नाय केलं," बाई म्हणाल्या. "मारो दीकरो जन्मला तवा त्याच्या बापाने एक बार उडवला, दरियाकडे. मग सासूबाई एवढ्या चिडल्या, एवढ्या चिडल्या! बस. ते दिवसापासून माझ्या उशीखाली झोपते."

भाऊजी हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहत राहिले. चोवीस वर्षांत ते कुठल्याही वस्तूकडे असे पाहताना मी पाहिले नव्हते. मी पर्स उघडून कागद काढला. नंबर ताडून पाहणे, दोघांचे अर्ज, पोलीस ठाण्यात नोंद. सगळे दोन दिवसांत बसत होते.

"उशीखाली म्हणताय," भाऊजी म्हणाले, "मग हे गेल्यावर तुम्ही इथे एकट्या कशा राहणार?"

"राहते कुठे? दीकरो बोलतो, मम्मा, पिस्तूल विकून टाक नि मुंबईला ये. ते हाय तोपर तू हलायची नाय. त्याचं खरं हाय. ते हाय म्हणून मी हाय इकडे."

"तुम्हाला जायचंय?"

बाईंनी परसातल्या विहिरीकडे पाहिले, मग हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तिकडे तिसरा माळा," एवढेच म्हणाल्या. "चाय लेशो ने?"

भाऊजींनी रिव्हॉल्व्हर फडक्यात ठेवले, फडक्याची टोके नीट दुमडली, आणि ते बाईंच्या दोन्ही हातांत दिले. "दसरा झाला की येतो," म्हणाले. दसरा झाल्यावर त्यांच्या परवान्याला काही अर्थ उरणार नव्हता हे त्यांना माहीत होते, मला माहीत होते, फक्त बाईंना माहीत नव्हते.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच थांबले. "भाऊजी, ताई जाईल. खरंच जाईल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"एकीला घरात ठेवायला दुसरीला घराबाहेर काढायचं, हे मला जमलं नाही हो. तुमच्या यादीत बसत असेल तर बघा."

यादीत बसत नव्हते. मी कागद परत पर्समध्ये ठेवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ताई ट्रंक घेऊन माझ्याकडे आली. ती बोलल्याप्रमाणे वागणारी आहे. आम्ही दोघी बहिणी त्यात सारख्या. ट्रंक बाहेरच्या खोलीत भिंतीशी ठेवली. भाऊजी झाडे सोडून येऊ शकत नव्हते, ताई तिकडे जायला तयार नव्हती, म्हणून ते दर शनिवारी पालघरला येऊ लागले. नारळ, चिकू, पुडीत बांधलेला मोगरा. घरात न येता पायरीवर बसायचे. ताई आतून चहा पाठवायची, माझ्या हातून. दारात बसलेला नवरा आणि पडद्याआड बसलेली बायको यांच्यात, त्यांच्या चोवीस वर्षांच्या संसारानंतर, मी निरोप पोचवत होते. "विहिरीला पाणी आहे का विचार." "आहे म्हणावं. झोप लागते का विचारा." झोप लागत होती. तिच्या घोरण्याने मला लागत नव्हती.

ताईने त्यांना कधी दोष दिला नाही. एकदाच, भाजी निवडताना, म्हणाली, "ती पारशीण आहे का गं अजून तिथेच?" मी म्हटले, आहे. "बरं," ताई म्हणाली आणि शेंगा मोडत राहिली.

चिकूचा हंगाम संपत आला असताना एका शनिवारी भाऊजी आले नाहीत. चार वाजले, पाच वाजले. ताईने दोनदा चहाचे आधण ठेवले आणि दोनदा उतरवले. सहाच्या सुमारास ती ट्रंकेत लुगडी भरू लागली.

"काय करतेस?"

"एवढ्या मोठ्या घरात ते एकटे आहेत," ती म्हणाली. "काही झालं असेल तर कुणाला कळणारसुद्धा नाही. चल लवकर."

वाडीत राहण्याची तिला भीती होती. तिथे एकटे राहणाऱ्या माणसाची भीती त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिच्या मनात आली, आणि ती मोठी निघाली. आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी नुकतेच तारापुराहून आलेले, पायरीवर बसून पायांवर पाणी घेत होते. दसऱ्यानंतर ते पारशी बाईंकडे अधूनमधून जात; बाईंना ताप होता, डॉक्टरला घेऊन गेले होते, शनिवार चुकला. ताईने ट्रंक ओटीवर टेकवली, डोळे पुसले आणि विचारले, "बाईंच्या जेवणाचं कोण बघतंय?"

"कुणी नाही."

ती आत गेली आणि चूल पेटवल्याचा आवाज आला. भाऊजींनी ओटीवरची ट्रंक उचलून आत नेली.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत आले. शनिवारी आता कुणी येत नाही, यायला कारणही नाही. माझे सगळे वेळेवर होते, कामे राहत नाहीत. परत आले त्या दिवशी खोली झाडताना भिंतीपाशी ट्रंकेएवढा एक चौकोन दिसला, आजूबाजूच्या फरशीपेक्षा स्वच्छ. केरसुणी तिथपर्यंत नेली आणि बाजूने वळवली. तिथे झाडण्यासारखे काही नव्हतेच.