दुधी पत्रा

वाशीच्या आमच्या रो-हाऊसमागे बाबांना ऑर्किडसाठी काचेचं ग्रीनहाऊस हवं होतं. आजारपणात खाटेवरून फुलं दिसावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं. माहितीपत्रकं इंग्रजीत, म्हणून निवड माझ्याकडे आली. गल्लीतल्या मुलांच्या बॉलने काच फुटली तर त्यांना रागवायची माझ्यात हिंमत नव्हती. मी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचा, दुधी पत्रा सुचवला.

"तू म्हणतेस तर तोच," बाबा म्हणाले.

त्यातून त्यांना नुसती हिरवट सावली दिसायची. पुढे माझ्या हातून पाणी जास्त होऊन झाडं कुजली. बाबा रोज विचारायचे, "कळी आली का गं?"

"दोन आल्यात," मी सांगायचे.

शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, "बरं झालं, काच नाही घेतली. तुला खोटं बोलता आलं नसतं."

मी त्यांचं पांघरूण सारखं करत राहिले.