बेचाळीस भागिले चौदा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे तर मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही.

लोणखेड्याला मी वायरमनच्या कोर्सच्या मुलामुलींना शिकवतो. दरवर्षी पहिल्या धड्याला फळ्यावर एकच गणित मांडतो — व्होल्टेज बेचाळीस, करंट चौदा अँपिअर, रेझिस्टन्स काढा. वर्ग एका सुरात म्हणतो, तीन ओहम. आणि माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात. हातात खडू असतो, वायर नव्हे. तरी येतात. यंदा एका मुलीने विचारलंच — सर, माझ्या ताईच्या वहीतपण हेच आकडे आहेत, तुम्हाला दुसरे सुचत नाहीत का? वर्ग हसला. मीही हसलो.

नाही सुचत.

अक्कलकुव्याच्या पुढे, डोंगर लागायच्या आधी एक लहानसं गाव आहे. नाव नको. तिथल्या पाण्याच्या टाकीला मोटार बसवणं, हे माझं पहिलं काम. लायसन्स नवं, अंगात मस्ती. मोटारीला अर्थिंग करायचं म्हणजे पुरुषभर खड्डा खणायचा, त्यात पट्टी पुरायची, कोळसा-मीठ भरायचं. मग कुठे करंट गळला तरी तो जमिनीत जातो, माणसाच्या अंगातून जात नाही. पण होळी तोंडावर आलेली. खणणारे गडी काठी गावच्या होळीला निघून गेलेले, आणि खाली नुसता खडक. मी काय केलं? अर्थिंगची वायर सरळ न्यूट्रलला पिळून दिली. न्यूट्रल म्हणजे करंटची परतीची वाट — खांबावर तिचाही जोड हातानेच पिरगाळला, वर टेप गुंडाळला. कोण बघतंय? चालतंय ना, मग झालं. त्याच लाइनवर पुढे जमनाबाईची पिठाची चक्की होती.

काही महिन्यांनी टाकीखालचा नळ चावायला लागला. बायका तसंच म्हणायच्या — नळ चावतो. रोज नाही. कधी गुमान पाणी देई, कधी हात लावताच कोपरापर्यंत झिणझिण्या. मग त्यांच्याच ध्यानात आलं — जमनाबाई चक्कीवर असली की नळ चावतो, ती घरी गेली की शांत. जमनाबाई एकटी बाई. नवऱ्यामागे चक्की तिनेच चालवलेली. बोलायला फटकळ, पण तिच्यासारखं बारीक दळण पंचक्रोशीत नाही. बायकांनी पारखून पाहिलं. एक चक्कीच्या दारात, एक नळापाशी. तिकडे जमनाबाईने बटण दाबलं की इकडची ओरडायची. बटण बंद, नळ थंड. मध्ये पन्नास पावलांची मोकळी जागा आणि टळटळीत ऊन, दुसरं काही नाही. भर दुपारी अंगावर काटा यायचा.

एक दिवस एका नव्या सुनेचा हात नळाला चिकटला तो सुटेचना. कळशी घरंगळत गेली, तिला ओरडताही येईना. चक्की थांबली तेव्हाच हात सुटला. पोर वाचली. पण त्या दिवशी गावात पहिल्यांदा तो शब्द निघाला — डाकीण.

तरी गाव शहाणं होतं, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी आधी मलाच बोलावलं. करंट आहे का, तेवढं बघून दे म्हणाले.

मी चक्की चालू करायला लावली. नळ आणि ओली जमीन यांच्यात मीटर धरलं — बेचाळीस व्होल्ट. चक्कीच्या वायरवर धरलं — चौदा अँपिअर. खिशातल्या चिठ्ठीवर भागाकार केला. परतीच्या वाटेत तीन ओहम अडलेले, जिथे जवळजवळ शून्य हवेत. मग गुणाकार — पाचशे अठ्ठ्याऐंशी वॉट. एवढी पॉवर कुठेतरी जळत होती. मी मान वर केली. खांबावर माझ्या जोडाचा टेप वितळून काळा थेंब होऊन लोंबत होता. चक्की सुरू झाली की करंट तिथे अडायचा, आणि व्होल्टेज नळावर चढायचं. माझ्या अर्थिंगच्या वायरने, मोटारीतून, लोखंडी पाइपातून.

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. जमनाबाई पुढे आली, हात पिठाने पांढरे.

"भाऊ, तुन्हा मीटरमा काय दखास? सांग ना — मन्हामा काही शे का?" आपल्याच अंगात काही आहे का, हे ती मला विचारत होती.

मी म्हणालो, "मीटरमा काहीच नही."

का म्हणालो? लायसन्स जाईल म्हणून? चारचौघांत मान खाली जाईल म्हणून? दोन्ही. करंट नाही म्हटल्यावर गावाने दुसरं काय समजायचं? त्यांनी पारखलेलं खरंच होतं. खोटं फक्त मी बोललो होतो.

आठवड्याच्या आत चक्की बंद झाली. तिच्या दारावरून कुणी जाईना. एका सकाळी ती गाठोडं घेऊन गुजरातच्या गाडीला निघाली. जाताना नळापाशी थांबली, जरा कचरली, मग हात लावला. चक्की बंद होती, नळ कशाला चावेल? ती पाणी प्यायली आणि स्वतःचे हात उलटसुलट करून बघत राहिली. मी समोरच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी खांबावर चढलो. नवा जोड केला. खडक फोडून खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं. विचारलं त्याला मोटारीची नेहमीची दुरुस्ती म्हणून सांगितलं. वाटलं, निदान आता कुणाला इजा नको. पंधरा दिवसांनी तिच्या दिराने चक्की सुरू केली. चक्की तीच, नळ तोच. एका म्हातारीने डोळे मिटून नळाला हात लावला, आणि काहीच झालं नाही.

त्या दिवशी गावाची खात्री पटली. जोड नीट करून मीच ती पटवली होती. बरं झालं गेली, असं म्हातारी म्हणाली, आणि मी मान डोलावली.

जमनाबाई कुठे आहे, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. असलीच कुठे, तर नळाला हात लावण्याआधी थांबत असेल — स्वतःलाच भिऊन.