माझ्या काळूला शनिवारची गोड रोटी

मंडळी, आज डोकं फिरलंय.

माझा कुत्रा काळू दोन्ही डोळ्यांनी आंधळा, वर शुगर. कोणी घेईना म्हणून मी आणला. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन मीच देतो.

आज नोएडातल्या रूमवर परतलो, तर शेजारच्या आंटी जाळीतून हात घालून त्याला गुळाची रोटी भरवत होत्या. शनिवारी काळ्या कुत्र्याला खाऊ घातलं की शनी शांत होतो म्हणे!

"आंटी, मना किया था ना?"

"अरे बेटा, पुण्य का काम है. एक रोटी से क्या होता है?"

तासाभरात काळूला उलट्या. शुगर भयंकर वाढलीय, आता सलाईनवर आहे.

त्याला दिसत नाही. हात पुढे आला की त्याला वाटतं, मीच आलोय.

आंटी, साडेसाती तुमची, मग भोगायची माझ्या काळूने का?