आईची खाज आणि मेलबर्नचं कुलूप

कोल्हापूरच्या स्टँडवरून पुण्याची एसटी हलली तेव्हा सगळ्यांनी मला हात केला, आईनं नाही. तिचा उजवा हात डावं मनगट खाजवण्यात गुंतला होता. आबा, म्हणजे माझे वडील, तिथंही करवादले, "बास की आता! सालटं निघंल. मनाचा खेळ हाय ह्यो." आबा हायस्कूलला शास्त्र शिकवायचे, त्यामुळं घरात त्यांचा शब्द शेवटचा. ॲलर्जीच्या गोळ्यांनी आईला झोप यायची, खाज जायची नाही. गोळीनं जात नाही म्हणजे मनातच आहे, असं आमच्या अख्ख्या मंगळवार पेठेनं ठरवून टाकलं होतं. मला त्याचा भयंकर राग यायचा.

आता मी मेलबर्नच्या लॅबमध्ये पेशींवरच्या रिसेप्टरांवर काम करते. रिसेप्टर म्हणजे पेशीचं कुलूप म्हणा. बहुतेक कुलपांना किल्ली बाहेरून येते. माझं कुलूप मात्र इरसाल, त्याची किल्ली त्याच्याच शेपटात शिवलेली. प्रोटिएझ नावाची, प्रथिनं कापणारी कात्री शेपटाचा शेंडा कापते, उघडं पडलेलं टोक मागं वळून स्वतःच्याच भोकात बसतं आणि पेशी खडबडून जागी होते. कापलेलं परत जोडता येत नाही. पेशी ते कुलूप गिळून टाकते आणि नवं बसवते. जखमेचं रक्त गोठवायला याच घराण्यातली कुलपं लागतात. पण कात्र्या मोकाट सुटल्या की सूज, दमा, सांधेदुखी, खाज, काय वाट्टेल ते.

अशीच एक कात्री खाजकुइलीच्या कुसांत असते. पन्हाळ्याच्या सहलीत वर्गातल्या टारगटांनी माझ्या मानेवर टाकली होती तीच ती. ॲलर्जीच्या गोळ्या अडवतात ते हिस्टॅमिन नावाचं रसायन. ही खाज त्या वाटेनं जातच नाही, म्हणून गोळ्या तिथं हात टेकतात. एक्झिमाच्या, म्हणजे इसबाच्या, कातडीतही असं चालू शकतं.

हे वाचलं त्या दिवशी घरी फोन लावला. आईच्या हातात नेमकं हेच चाललंय, असं छातीठोक सांगता येत नव्हतं. पण गोळीनं न जाणारी खाजही खरी असते, हे नक्की सांगता येत होतं. तेवढं आईला सांगितलं.

"म्हंजे मला खरंच खाजत हुतं की गं."

"व्हय आई. खरंच."

आबांनी फोन ओढून घेतला. "मग औषध कुठाय तुझं?"

"आमचं अजून न्हाय, आबा. पण कातडीच्या डॉक्टरांकडं दुसरी हायत. न्या तिला."

नेलं. आता ती रात्रभर झोपते, अधूनमधून खाजतं तेवढंच.

परत कधी येणार, असं गावाकडचे तुम्ही सगळे विचारता. नाही येणार. माझं काम इथं आहे आणि ते मला झकास जमतं. इथं शब्दाशब्दाला पुरावा मागतात, मी देते. घर म्हणजे मात्र पुरावा न मागता माणसाचं दुखणं खरं मानणारी जागा, आणि आमच्या घराला ते उशिरा का होईना, जमलं. गेल्या दिवाळीत घरी आलेले एक पाहुणे जेवताना आईला म्हणाले, "वहिनी, लई मनावर घेतलं की खाजतंय बघा."

आबा घास तसाच ठेवून गरजले, "पावणं, तिला खाजतंय म्हंजे खाजतंय!"